तान्ह्या बाळाचे पोषण : घरची माया आणि डॉक्टरांचा सल्ला

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, दादर येथे शिवाजी पार्कानजीकच्या सभागृहात केलेले भाषण.)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा सुचविलेला विषय 'विद्यार्थी आणि शिस्त' असा होता. अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या माणसास असाच विषय सुचवावयाचा, हे रीतीस धरूनच झाले. परंतु शिस्तीविषयी आम्ही आजवर पुष्कळ बोललो आहोत आणि आपण ते पुष्कळ सोसले आहे. म्हणून मंडळाची क्षमा मागून आम्ही आज निराळा, आणि पुरुषमाणसाच्या तोंडी काहीसा विचित्र वाटेल असा विषय घेतला आहे. तान्ह्या बाळास काय पाजावे, केव्हा भरवावे, आणि हे ठरविताना घरच्या मायेचे ऐकावे की डॉक्टरांचे, हा तो विषय होय. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे व पुढे शिक्षकी पेशापुरते. वैद्यकाचा आम्हांस गंध नाही. तथापि आमच्या घरात दोन पिढ्यांत या बाबतीत दोन चुका घडल्या. एक डॉक्टरांचे निमूटपणे ऐकल्यामुळे, आणि दुसरी त्यांचे न ऐकल्यामुळे. पहिलीत आमचा वाटा होता. दुसरी सर्वस्वी आमचीच. ती चारचौघांत सांगण्यास आम्हांस पुष्कळ दिवस लागले.

आपल्यापैकी बहुतेकांचे संध्याकाळचे पाय शिवाजी पार्ककडे वळतात. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ साली या मैदानास शिवछत्रपतींचे नाव मिळाले. मैदानाभोवतीचा तो कट्टा म्हणजे आम्हा निवृत्तांची दुसरी ओसरीच. तेथे एखादी तरुण माता बाळास घेऊन टेकली की पाच मिनिटांत तिला सात सल्ले मिळतात. 'पाणी पाजत नाही का हो? ओठ सुकलेत पाहा.' 'घुटी देता ना?' 'अंगावरचे पुरत नसेल, किती रोड दिसते!' कट्ट्यावरील सल्ल्यास फी नसते व जबाबदारीही नसते. आम्हीही त्या सल्लागारांपैकीच एक होतो, हे प्रथम कबूल करतो.

आमचा जन्म १९५९ चा, दादरच्या एका चाळीतील. त्या काळी शिकलेल्या घरांतून बाळास घड्याळ लावून पाजण्याची एक नवी रीत आली होती. न्यूझीलंडचे डॉ. ट्रुबी किंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही शिकवण दिली आणि इंग्रजांच्या साम्राज्याबरोबर ती सर्वत्र पसरली. चार चार तासांनी पाजावे, मध्ये कितीही रडले तरी उचलू नये, रात्री तर मुळीच पाजू नये, म्हणजे मुलास वळण लागते, असे तिचे सार. आमच्या मातुश्रींस डॉक्टरांनी हेच सांगितले होते आणि वडिलांचा त्यावर पूर्ण विश्वास होता. आमची आजी मात्र निरक्षर. तिने वाद घातला नाही. खोलीत किल्लीचे एक घड्याळ होते. आम्ही टाहो फोडला की ती स्टुलावर चढून काटा तासभर पुढे सरकवी आणि 'सूनबाई, वेळ झाली' असे जाहीर करी. डॉक्टरांचा नियमही राहिला आणि नातूही राहिला. वडील दोनदा कचेरीत वेळेच्या फार आधी पोहोचले म्हणतात! ही हकीकत आजीच्याच तोंडून ऐकलेली, तेव्हा तीत मीठमसाला किती हे आम्ही सांगू शकत नाही. पण आज बालरोगतज्ज्ञ घड्याळाकडे न पाहता बाळाकडे पाहून पाजावयास सांगतात, म्हणजे त्या एका बाबतीत निरक्षर आजी बरोबर होती व छापील पुस्तक चुकले होते. अमेरिकेचे डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी १९४६ साली आपले प्रसिद्ध पुस्तक लिहून, आईबापांनी स्वतःच्या जाणिवेवर अधिक भरवसा ठेवावा असे सांगितले, तेव्हा तिकडे मोठा गहजब झाला. मौज अशी की, याच पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांत बाळास पालथे निजविण्याचा सल्ला आला, आणि तो घातक असल्याचे पुढे ठरले. तेव्हा आईच्या बाजूने बोलणारा तज्ज्ञसुद्धा चुकतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

आता आजीच्या बाजूचा हिशेबही पाहिला पाहिजे. गाय किंवा म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस करून आपण किती आवडीने खातो! ओळखीच्या गवळ्याकडे आधीपासून सांगून ठेवतो. वासरास पहिला चीक मिळालाच पाहिजे, नाहीतर ते जगत नाही, हे कोकणातील कोणीही शेतकरी सांगेल. आणि त्याच घरात बाळंतिणीचा चीक मात्र 'जड', 'पिवळा', 'वाईट' म्हणून पिळून टाकीत, आणि बाळास मधाचे बोट चाटवीत! वासरास जे अमृत ते लेकरास विष कसे, हा प्रश्न पिढ्यान्पिढ्या कोणास पडला नाही. त्या पहिल्या दाट दुधात रोगांपासून रक्षण करणारी द्रव्ये भरलेली असतात, आणि जन्मानंतर तासाभरातच बाळास अंगावर घ्यावे, असे आज जगभरचे वैद्यक सांगते. सुश्रुतसंहितेत मातेचे दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होते, तोवर मध व तूप द्यावे, असे आहे. ते आज चालत नाही. पण त्याच ग्रंथात सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न द्यावे असेही आहे, आणि जागतिक आरोग्य परिषदेने २००१ साली सहा महिने निव्वळ आईचे दूध व त्यापुढे वरचे अन्न असा जो ठराव केला, त्याच्या तो किती जवळ जातो! एकाच ग्रंथातील एक गोष्ट टिकली व एक गेली.

असो. आता आमच्या घरच्या पहिल्या चुकीकडे येतो.

१९८७ साली आमची थोरली कन्या जन्मली. पहिले तीन महिने तिचे वजन भराभर वाढले. चौथ्या-पाचव्या महिन्यात तक्त्यावरची तिची रेघ मंदावली. डॉक्टर मोठे नावाजलेले, आणि मनाने सज्जन. त्यांनी तक्ता समोर धरला आणि सांगितले, 'आईचे दूध पुरत नाही, बाटलीने वरचे दूध सुरू करा.' आमच्या मातुश्री म्हणाल्या, 'पोर हसते, खेळते, दिवसाकाठी सात-आठ लंगोट ओले करते. उपाशी पोर असे करील का?' पण आम्ही पडलो मास्तर. छापील आकड्यावर आमचा जन्माचा विश्वास; विद्यार्थ्याचे हुशार डोळे पाहण्याऐवजी त्याचे गुण पाहण्याची सवय. आम्ही डॉक्टरांचा पक्ष घेतला.

पुढे काय झाले ते पुष्कळ घरांत झाले आहे. आईचे दूध हे विहिरीच्या झऱ्यासारखे असते. जितके उपसावे तितके येते. बाटलीने पोट भरलेले मूल अंगावर कमी ओढू लागले, तसतसे दूध कमी होत गेले, आणि दीड महिन्यात ते आटले. मग डॉक्टरांचे म्हणणे खरेच झाले! पावसाळ्याचे दिवस, चाळीतील सामायिक नळ, आणि रबरी बूच कितीही उकळले तरी आंबूस वास न जाणारी ती बाटली. त्या चार महिन्यांत मुलीस दोनदा जुलाब लागले, आणि जे वजन मुळात ठीक होते ते आता खरोखरच घटले. ती वाचली, पुढे उत्तम वाढली. पण आमच्या सौभाग्यवतींच्या मनात 'माझे दूध कमी पडले' हे शल्य कायमचे रुतून बसले. पुढे चिरंजीव झाला तेव्हाही तो धास्तीनेच वाढला.

वस्तुतः दोष ना आईच्या दुधाचा होता, ना एकट्या डॉक्टरांचा. अमेरिकेत १९७७ साली मुलांच्या वाढीचे जे तक्ते तयार झाले आणि पुढे जगभर चालले, त्यांतील तान्ह्या बाळांची मापे ओहायो राज्यातील बालकांची होती, आणि त्यांतील बहुतेक बाटलीच्या दुधावर वाढलेली. आईच्या दुधावरचे मूल पहिले दोन-तीन महिने झपाट्याने वाढते व मग जरा सावकाश. ही त्याची नैसर्गिक चाल. ती चाल बाटलीवरच्या मुलाच्या रेघेशी ताडून पाहिली की निरोगी मूलही मागे पडल्यासारखे दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील, आईच्या दुधावर वाढलेली मुले मोजून २००६ साली नवे तक्ते प्रसिद्ध केले. आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर कोणता तक्ता होता हे आज सांगता येणार नाही. पण मोजपट्टीच परक्या मापाची असेल तर मोजणाऱ्याचा प्रामाणिकपणा काय करील?

नातवाच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी आम्हांस हा नवा तक्ता दाखविला. घरी आल्यावर आम्ही जुनी पेटी उघडून कन्येच्या वजनांची १९८७ सालची वही काढली व एकेक आकडा नव्या तक्त्यावर मांडला. बाटली सुरू होईपर्यंतची तिची रेघ छापील रेघेच्या शेजारून निमूटपणे चालली होती. सौभाग्यवतींनी चष्मा लावून तो कागद बराच वेळ पाहिला. काही बोलल्या नाहीत. वही मात्र पेटीत न ठेवता त्यांनी आपल्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवली. ती अजून तेथेच आहे.

त्या काळच्या वातावरणाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. जागोजाग 'गुटगुटीत बालक' स्पर्धा भरत. डब्यावरचे गोरेगोमटे मूल पाहून प्रत्येक आईस आपले मूल वाळलेले वाटे. पुढे १९९२ साली आपल्या देशात कायदा झाला व १ ऑगस्ट १९९३ पासून तो अमलात आला. त्यानुसार बाळाच्या दुधाच्या डब्यांची व बाटल्यांची जाहिरात करण्यास, नमुने वाटण्यास व डब्यावर बाळाचे चित्र छापण्यास मनाई झाली. २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. आणि आपल्या उंबऱ्याशीच, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नाने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ज्या मातांस आपले बाळ पाजून दूध उरते त्या ते देतात. ते तपासून, साडेबासष्ट अंश उष्णतेवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात, गोठवून साठवितात, आणि अपुऱ्या दिवसांच्या, आईचे दूध न मिळणाऱ्या बालकांस पाजतात. दाईच्या दुधाची आपली जुनी कल्पना तेथे आधुनिक शास्त्राच्या हाती आली आहे. दादरहून शीव किती लांब? तरीही ही गोष्ट ठाऊक असलेली माणसे कट्ट्यावर आम्हांस फार थोडी भेटली.

येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. मातृदुग्धाचे गुणगान करताना आपण त्याची छडी करतो. नात्यातील एका मुलीस बाळंतपणानंतर शस्त्रक्रियेचे व औषधांचे असे काही प्रसंग आले की, तिला अंगावर पाजणे शक्य झाले नाही. डॉक्टरांनी माप घालून डब्याचे दूध सांगितले. ते औषधाप्रमाणे काटेकोर, स्वच्छ वाटी-चमच्याने दिले जात होते व बाळ छान होते. पण बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती जमलेल्या बायकांनी तिला एवढे बोलून घेतले की, ती आतल्या खोलीत जाऊन बसली आणि पाळण्याचे गाणे तिच्यावाचून झाले. अशा वेळी बोलणाऱ्यांना कोण आवरणार? आम्ही तेथे होतो, आणि आम्हीही आवरले नाही.

आता दुसरी चूक. नातू २०२२ च्या मार्चमध्ये जन्मला. मे महिन्याचा उकाडा, त्यास दोन महिने झालेले. बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले होते की, सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही नको; पातळ दुधातच त्याची तहान भागते. औषध म्हणून जीवनसत्त्व 'ड'चे थेंब तेवढे रोज. सूनबाई नोकरी करणाऱ्या, शिकलेल्या. त्या हे अक्षरशः पाळीत. आम्हा उभयतांस मात्र ते पाहवत नसे. एवढ्या उन्हात लेकराला पाणी नाही! आणि घुटी नाही म्हणजे काय? आमच्या घरात तीन पिढ्यांची सहाण. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, बाळहिरडा, अतिविष, सागरगोटा, खारीक, बदाम असा सारा संच सौभाग्यवतींनी सातव्या महिन्यातच आणून ठेवला होता. सूनबाई स्नानास गेल्या की आम्ही दाराशी उभे राहावयाचे व सौभाग्यवतींनी दोन वेढे उगाळून, कडू लागू नये म्हणून मधाचे बोट लावून, चमचाभर पाण्यातून चाटवावयाचे, असा क्रम आठ-दहा दिवस चालला. बाळ छान झोपे. ती झोप जायफळाच्या गुंगीची असू शकते, हे आम्हांस तेव्हा सुचले नाही. उलट, 'पाहा, आपले जुने ते काही खोटे नव्हे' असे आम्ही एकमेकांस म्हणत होतो.

अकराव्या दिवशी त्यास पातळ जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेले, टाळू आत बसली. रात्री इस्पितळात दाखल करावे लागले. डॉक्टरांनी विचारले, 'आईच्या दुधाशिवाय काही दिले होते का?' सूनबाई ठामपणे म्हणाल्या, 'काहीही नाही, डॉक्टर.' आम्ही दोघे मागे उभे होतो. आम्ही गप्प राहिलो. अडतीस वर्षे मुलांना खरे बोलण्याचे धडे दिलेल्या माणसाच्या तोंडून त्या वेळी शब्द निघाला नाही. बाळाच्या एवढ्याशा हातात सलाईनची सुई टोचताना तीन वेळा शीर सापडली नाही, तेव्हाही आम्ही गप्पच होतो.

मध्यरात्रीनंतर, बाहेरच्या बाकावर, आम्ही चिरंजीवास व सूनबाईंस सारे सांगितले. सूनबाईंनी आवाज चढविला नाही. एवढेच म्हणाल्या, 'बाबा, डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी छातीवर हात ठेवून नाही म्हणाले. तुम्ही मला खोटे पाडलेत.' त्याहून त्यांनी ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

सकाळी आम्ही स्वतः डॉक्टरांपुढे उभे राहिलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, कागदावर लिहून घेतले. म्हणाले, 'घुटीनेच झाले की आणखी कशाने, हे खात्रीने सांगता येणार नाही. पण सहाण, बोट, पाणी यांतून जंतू जाण्यास इतका सोपा मार्ग नाही. आणि मध वर्षाच्या आत कधीही नको.' मधात एका जंतूची बीजे असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ती रुजत नाहीत, पण वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजून असे विष निर्माण करतात की, बाळाचे स्नायू लुळे पडतात. हे क्वचितच घडते, परंतु ज्या घरात घडते त्या घरास 'क्वचित' या शब्दाचा काय उपयोग? पाण्याचेही तसेच, चिमुकले पोट पाण्याने भरले की तेवढे दूध कमी जाते. जुलाब चालू असताना अंगावर पाजणे थांबवू नका, उलट अधिक पाजा, असेही त्यांनी बजावले. आमच्या लहानपणी अशा वेळी लंघन करवीत. चौथ्या दिवशी नातू घरी आला.

त्यानंतर आम्ही पुष्कळ विचार केला. आम्ही ज्यास माया म्हणत होतो ती माया होती का? आमच्या मते ती सवय होती, मायेची शाल पांघरलेली. आमच्या आजीने काटा सरकविला तो बाळाचे रडणे ऐकून. मातुश्रींनी बाटलीस विरोध केला तो ओले लंगोट मोजून. दोघींनीही समोरचे मूल पाहिले होते. आम्ही मूल पाहिलेच नव्हते. ते दुधावर तृप्त होते, वजन वाढत होते. आम्ही सहाणेकडे पाहत होतो. 'आम्ही नाही का घुटीवर वाढलो?' हा कट्ट्यावरचा बिनतोड मुद्दा आम्हीही अनेकदा मांडला होता. पण जी मुले वाढली नाहीत ती कट्ट्यावर येऊन बसत नाहीत. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बालकांतील सुमारे १४६ वर्षाच्या आत जात. २०२० साली हा आकडा २८ वर आला. परळच्या बाई जेरबाई वाडिया रुग्णालयासारखी १९२९ पासून केवळ मुलांसाठी चाललेली रुग्णालये, लसी, स्वच्छ पाणी, शिकलेल्या आया, या सर्वांचे ते फळ आहे. आमच्या मातुश्रींस आम्हांआधी दोन मुले झाली होती, हे आम्ही घुटीच्या बाजूने वाद घालताना सोयीस्करपणे विसरलो होतो.

मग आईच्या जाणिवेस काहीच किंमत नाही काय? आहे, आणि ती आम्ही त्याच वर्षी पाहिली. नातू आठ महिन्यांचा असता एकाएकी एका बाजूस घेतले की पिईना; आडवा केला की रडे, उभा धरला की शांत. खिमट तोंडाशी नेले की मान फिरवी. डॉक्टर म्हणाले, दात येत असतील, दोन दिवस पाहू. सूनबाई घरी आल्या, पण त्यांचे समाधान होईना. 'हे दाताचे रडणे नाही; मी याची सारी रडणी ओळखते,' असे म्हणून त्या त्याच संध्याकाळी पुन्हा गेल्या, आणि कधी, कोणत्या कुशीवर, किती वेळ रडला हे वहीतून वाचून दाखविले. डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिले. कान आतून लालभडक झाला होता. ते मोकळेपणाने म्हणाले, 'तुमचे म्हणणे मी सकाळीच नीट ऐकावयास हवे होते.' असा डॉक्टर मिळणे हे भाग्य. पण वही नसती तर त्यांनाही काय कळणार होते?

रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे धावलेली हिरकणी आपणा सर्वांस ठाऊक आहे. एस. टी. स्थानकांवर मातांना बाळास पाजता यावे म्हणून जी खोली असते तिला 'हिरकणी कक्ष' असे नाव दिले, ते फार समर्पक आहे. कडा उतरताना तिने कोणास विचारले नाही, हे खरे. परंतु घरी पोहोचल्यावर तिने बाळास आपले दूधच पाजले असणार; सहाण शोधली नसेल.

वरच्या अन्नाविषयी थोडक्यात सांगतो, कारण या बाबतीत आपल्या स्वयंपाकघरास डॉक्टरांपुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. उष्टावणास मामाने चांदीच्या चमच्याने खिरीचे बोट लावावे, हौस करावी. मात्र दुसऱ्या दिवसापासून साखर-मीठ नको. सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या अंगचा लोहाचा साठा संपत येतो व दुधातून तो भरून निघत नाही, म्हणून नुसती भाताची पातळ पेज पाजून भागत नाही. चमचा तिरपा केला तर ओघळणार नाही इतके घट्ट असावे: मुगाच्या वरणाचा मऊ भात वर तूप घालून, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेली भाजी, अंडे, आणि ज्यांच्या घरी चालते त्यांनी काटे नीट काढलेली मासळी. चहात बुडविलेले बिस्किट हे मुंबईतील बाळांचे लाडके खाद्य, पण चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. शेंगदाण्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ २००० साली सांगत होते की, ज्या घरांत अशा खाण्याने पित्त उठण्याची प्रवृत्ती आहे तेथे मुलांस तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. २०१५ साली लंडनच्या डॉ. गिडिऑन लॅक यांच्या संशोधनात उलटेच दिसले. लहानपणीच योग्य रीतीने दिलेल्या मुलांत तो त्रास कितीतरी कमी. आपल्याकडे कूट तर घरोघरी! अख्खा दाणा वा फुटाणा मात्र चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. आणि किती खावे हे ना डॉक्टरांनी ठरवावे, ना आजीने. बाळाने मान फिरविली की जेवण संपले. 'चिऊचा घास, काऊचा घास' येथवर ठीक. नाक दाबून घास कोंबणे नव्हे.

सध्या आमच्या घरी वही चालते. धाकट्या नातीचा जन्म झाल्यापासून तीत आम्हा म्हाताऱ्यांनाही एक पान दिले आहे. मनात येईल ते आम्ही त्यावर लिहितो, करीत मात्र काही नाही. सूनबाई डॉक्टरांकडे जाताना पान घेऊन जातात. आमच्या अकरा सूचनांपैकी चार मंजूर झाल्या. बाळंतिणीस अळिवाची खीर व डिंकाचे लाडू ही त्यांत आली, आणि सौभाग्यवतींचा तेल लावण्याचा हक्कही अबाधित राहिला.

आता मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवून आम्ही बसतो. आपल्या महिला शाखेकडून ज्ञातीतील नव्या मातांस बाळंतविडा दिला जातो, ही फार चांगली प्रथा आहे. त्यात झबले, टोपडे, दुपटे, खुळखुळा यांबरोबर दुधाची एक बाटली असते. १९९२ च्या कायद्यानुसार अशी बाटली अनाथालयावाचून अन्यत्र दान करण्यास मनाई आहे, हे बहुधा कोणाच्या लक्षात आले नसावे. आमच्याही आले नव्हते, आणि मागील दोन वर्षे त्या पिशव्या भरण्यास आम्हीच बसत होतो. या वर्षापासून बाटली काढून तिच्या जागी एक चांदीचा मुलामा दिलेली वाटी-चमचा व एक शंभर पानी वही ठेवावी. वह्यांचा खर्च आम्ही देऊ. पहिल्या पानावर शीवच्या दुग्धपेढीचा पत्ता आम्ही स्वतः आमच्या अक्षरात लिहून देऊ. अक्षर अजून बरे आहे.